सरासरीत न मावणारा पाऊस

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरील महाबळेश्वरात वर्षाकाठी सुमारे ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला असलेल्या माण तालुक्यातील दहिवडी-म्हसवडच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटर येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर पडलेले एक लिटर पाणी, हे ध्यानात घेतले की या दोन आकड्यांमधील तफावत किती मोठी आहे ते उमगते. आणि तरीही दरवर्षी सप्टेंबरअखेर या दोन्ही गावांचा पाऊस एकत्र मिसळून ‘जिल्ह्याची सरासरी’ नावाचा एकच आकडा काढला जातो. सुमारे १०,४८० चौरस किलोमीटर क्षेत्र, अकरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार तीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात दर पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहतात, त्यामुळे पाऊस कोठे, किती आणि विशेषतः कधी पडला हा प्रश्न येथे बहुसंख्य घरांच्या वर्षभराच्या हिशेबाचा प्रश्न असतो. त्या हिशेबाला सरासरीचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही.

या तफावतीचे मूळ सह्याद्रीच्या उभ्या कड्यात आहे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडून सह्याद्रीला भिडतात, तेव्हा पुढे सरकण्यासाठी त्यांना थोड्याच अंतरात हजार-बाराशे मीटर उंच चढावे लागते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. ढग तयार होण्यापूर्वी दर शंभर मीटर चढाला तिचे तापमान साधारण एक अंश सेल्सियसने उतरते. थंड हवेला बाष्प फारसे पेलत नाही, म्हणून ते सूक्ष्म जलकणांच्या रूपाने बाहेर पडते, ढग दाटतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागतो. डोंगराच्या अडथळ्यामुळे पडणाऱ्या या पावसाला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. माथा ओलांडलेली हवा पूर्वेकडे उतरू लागते तेव्हा सारे उलटे घडते: दाब वाढतो, हवा तापते, उरलेले ढग विरळ होतात आणि पाऊस थांबतो. डोंगराच्या या आडोशाच्या बाजूला पर्जन्यछायेचा प्रदेश ही संज्ञा आहे.

पर्जन्यछायेचा परिणाम किती झपाट्याने होतो, याचे साताऱ्याइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. महाबळेश्वरापासून पंधराएक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस जवळपास एक तृतीयांशावर येतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत तो आणखी निम्म्याहून कमी झालेला असतो. पश्चिमेला मात्र चित्र वेगळे आहे. तेथे सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिला जवळजवळ समांतर धावणारी बामणोलीची रांग यांच्यामध्ये कोयनेचे खोरे सापडले आहे, आणि त्या खोऱ्यातील नवजा येथील पाऊस काही वर्षी महाबळेश्वरालाही मागे टाकतो. महाबळेश्वराच्या पठारावरून पूर्वेला निघालेली शंभू महादेवाची रांग शिखर शिंगणापूरच्या दिशेने जाते आणि कृष्णेचे खोरे भीमेच्या खोऱ्यापासून वेगळे करते, त्यामुळे एकाच जिल्ह्यातील माणगंगा आणि उत्तर सीमेवरील नीरा भीमेला जाऊन मिळतात, तर वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना आणि येरळा यांचे पाणी कृष्णेत जाते. या रांगेच्या फाट्यांनी जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम कप्पे पाडले आहेत आणि प्रत्येक कप्प्याचा पाऊस निराळा आहे.

शेतकरी हा पाऊस अद्यापही नक्षत्रांनी मोजतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो आणि त्या काळात पडणारा पाऊस त्या नक्षत्राच्या नावाने ओळखला जातो. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मृग, मग आर्द्रा, त्यानंतर पुनर्वसू म्हणजे ‘तरणा’ पाऊस आणि पुष्य म्हणजे ‘म्हातारा’ पाऊस, असा हा क्रम दसरा-दिवाळीच्या सुमारास स्वातीपर्यंत जातो. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावरून पावसाचे भाकीत करण्याला शास्त्राचा आधार नाही. परंतु या पद्धतीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे हा अन्याय होईल. तिथी चंद्रावर चालतात आणि दरवर्षी मागेपुढे सरकतात, नक्षत्रे मात्र सूर्याच्या वार्षिक भ्रमणाशी बांधलेली असल्याने त्यांच्या तारखा जवळजवळ स्थिर राहतात, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कोणत्या पंधरवड्यात कोणते काम उरकावे हे सांगणारी ती एक टिकाऊ शेतदिनदर्शिका ठरली आहे. विशेष असे की, एकच नक्षत्र जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन वेगळे अर्थ देते.

मृगाच्या आधी वळीव येतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापून तिच्यालगतची हवा वेगाने वर जाते, दुपारनंतर काळे ढग उभे राहतात आणि वादळी वाऱ्यासह, विजांच्या कडकडाटात, कधी गारांसह तासा-दोन तासांचा जोरदार पाऊस होतो. हा पाऊस स्थानिक असतो. एका शिवाराला झोडपतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. पूर्वेकडील तालुक्यांत वळवाच्या पावसाचे मोल मोठे असते, कारण नांगरून तापवलेल्या रानात तो पहिली ओल आणतो आणि पाझर तलावांत थोडे का होईना पाणी साठते. घाटमाथ्यावर त्याच पावसाचा अर्थ मुख्य पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा, चारा आणि धान्याची बेगमी उरकण्याची सूचना असा होतो.

मोसमी पाऊस स्थिरावला की महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांच्या पश्चिम भागांत झड लागते. झड म्हणजे न थांबता दिवसच्या दिवस चालणारा पाऊस, ज्यात सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि ढगच घराच्या दारातून आत येतात. एकट्या जुलै महिन्यात महाबळेश्वरात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. डोंगर उतारावर नाचणी आणि वरी, खोऱ्यातील खाचरांत भात, हीच येथील पिके, कारण एवढ्या पाण्यात दुसरे काही तगत नाही. आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी आणि लावणी उरकली की पुढचा महिनाभर पाऊस थांबू नये, अशीच येथील शेतकऱ्याची अपेक्षा असते. ढग जमिनीला टेकतात, या वैशिष्ट्यामुळेच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरात ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. एरवी विमान किंवा बलून वापरून ढगात शिरावे लागते, येथे उपकरणे जमिनीवर ठेवून ढगातील थेंबांचा आकार आणि संख्या मोजता येते.

याच पावसाचे एक अतिशय सुंदर रूप कासच्या पठारावर दिसते. सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या या पठारावर जांभा दगडाचा थर आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ पापुद्रा. पावसाळ्यात पाणी साचून राहते, अन्नद्रव्ये वाहून जातात, आणि पाऊस सरला की काही आठवड्यांतच तेथील ओल आटते. मोठ्या झाडांना अशक्य असलेल्या या परिस्थितीत अल्पायुषी वनस्पती ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या मोजक्या दिवसांत उगवतात, फुलतात आणि बी टाकून नाहीशा होतात. तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवं यांचे ताटवे पाहायला येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे आणि निकृष्ट मातीतून न मिळणारे नत्र ती बारीक जलजीवांपासून मिळवते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचा समावेश आहे.

तोच पाऊस जीवघेणाही ठरतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे माण तालुक्यात अख्ख्या वर्षात पडतो त्याहून अधिक पाणी एका दिवसात कोसळले. त्याच रात्री पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे माणसांसह गाडली गेली. उतारावरील माती पाण्याने पूर्ण भरली की तिच्या कणांमधील घर्षण कमी होते, तिचे वजन मात्र वाढते, आणि खालच्या कठीण खडकावरून सारा थर घसरतो. ही प्रक्रिया सर्वज्ञात असूनही अशा उतारांच्या पायथ्याशी वस्त्या आहेत, आणि त्यांचे सुरक्षित पुनर्वसन हे हवामानाइतकेच प्रशासनाच्या इच्छाशक्तीवर अवलंबून आहे.

ज्या दिवसांत घाटमाथ्यावर झड लागलेली असते, त्याच दिवसांत खटाव-माणमध्ये वारा वाहत असतो. हा वारा जोराचा, सततचा आणि बहुतांशी कोरडा असतो. आकाशात ढग धावताना दिसतात, सकाळ-संध्याकाळ भुरभुर होते, पण जमिनीत ओल उतरत नाही. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळील चाळकेवाडी या पठारांवर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली ती या मोसमी वाऱ्याच्या भरवशावर, आणि पावसाळ्याचे महिनेच त्यांच्या वीजनिर्मितीचे मुख्य महिने असतात. शेतकऱ्याला मात्र हवा असतो तो वाफसा, म्हणजे पाऊस पडून गेल्यानंतर माती ओली असूनही चिकट राहिलेली नाही, पाभर चालू शकते आणि बी रुजू शकते अशी जमिनीची स्थिती. मृगात थोडा पाऊस होऊन वाफसा येतो, बाजरी, मटकी, हुलगा पेरला जातो, आणि मग दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडते. कोंब करपतात, दुबार पेरणी करावी लागते आणि बियाण्याचा खर्च दुप्पट होतो. जून-जुलैच्या आकड्यात पाऊस ‘समाधानकारक’ दिसत असतानाही शेत वाया गेलेले असू शकते.

पूर्वेकडील तालुक्यांचा खरा पावसाळा सप्टेंबरात सुरू होतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर ओसरतो, बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, आणि दुपारच्या उष्णतेने उभे राहिलेले ढग पूर्वेकडून येऊन बरसतात. या पावसाच्या मार्गात सह्याद्री आडवा येत नाही. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांतील हा परतीचा पाऊस माण, खटाव, फलटण आणि खंडाळ्याच्या कोरडवाहू भागाचे वर्ष ठरवतो. ‘हत्तीचा पाऊस’ म्हणून ज्याची वाट पाहिली जाते तो हस्ताचा पाऊस पडला तर काळ्या भारी जमिनीत पुरेशी ओल साठते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू पेरला जातो, आणि पुढे एकही सर न पडता, केवळ मुरलेल्या पाण्यावर व थंडीच्या आधारावर ते पीक माघ-फाल्गुनात काढणीला येते. शाळूच्या धान्याइतकाच त्याचा कडबा महत्त्वाचा, कारण खिल्लार जनावरांचे आणि दुभत्या गाई-म्हशींचे उन्हाळ्यातील पोषण त्यावरच होते. याच हस्ताच्या पावसाने पश्चिमेला मात्र कापणीला आलेला भात आडवा होतो. एका टोकाला जे दान, तेच दुसऱ्या टोकाला नुकसान, आणि सरासरी काढताना हे दोन्ही मिलिमीटर एकाच रकान्यात जातात.

पाऊस संपल्यानंतर काही दिवस ऊन चढते. आकाश स्वच्छ, जमीन ओली आणि हवा दमट असल्याने ऑक्टोबरातील हा उकाडा तापमापकातील आकड्यापेक्षा अधिक जाणवतो. मग थंडी येते, आणि येथे एक सर्वसामान्य समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. महाबळेश्वर उंच असल्याने तेथेच सर्वांत जास्त थंडी पडत असावी असे वाटते, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सातारा शहरातील किंवा फलटणकडील किमान तापमान अनेकदा महाबळेश्वरापेक्षा कमी नोंदवले जाते. निरभ्र रात्री जमीन उष्णता झपाट्याने गमावते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन उतारांवरून खाली घरंगळते व खोऱ्याच्या तळाशी साचते, तर उंच पठारावरची हवा तुलनेने उबदार राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. खुद्द महाबळेश्वरातही हेच घडते: बाजारपेठेत साधी थंडी असताना सखल भागातील वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठून पांढरे हिमकण दिसतात. कृष्णाकाठावरील सकाळचे दाट धुकेही याच साचलेल्या थंड हवेतून निर्माण होते.

उन्हाळा सौम्य आणि हिवाळा थंड असलेल्या या पठाराचा उपयोग ब्रिटिशांनी प्रथम आरोग्यस्थान म्हणून केला. १८२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने तेथे वसाहत उभी राहिली. आज त्याच हवेवर स्ट्रॉबेरी पिकते. सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरला की लागवड होते आणि थंडीत फळ धरते. देशातील बहुतांश स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणी परिसरात होते आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. गव्हावरील तांबेरा रोगाचे संशोधन केंद्रही महाबळेश्वरात आहे, कारण थंड आणि दमट हवेत या रोगाची बुरशी सहज वाढते आणि गव्हाचे कोणते वाण तिला तोंड देते हे तेथे पारखता येते.

मार्च सरत आला की जिल्ह्याची दोन टोके अनपेक्षितपणे एकसारखी दिसू लागतात. माणमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी तळ गाठतात आणि टँकर सुरू होतात, हे अपेक्षितच असते. पण जावळी, महाबळेश्वर आणि पाटणच्या डोंगरावरील वाड्यावस्त्यांतही हंडाभर पाण्यासाठी बायकांना दरीत उतरावे लागते. हजारो मिलिमीटर पाऊस झेललेली ही गावे आहेत. तीव्र उतार, पातळ माती आणि खालचा घट्ट काळा पाषाण यांमुळे तेथील पाणी मुरण्याआधीच वाहून जाते, आणि जांभ्यात मुरलेले थोडे पाणी झऱ्यांवाटे दोन-चार महिन्यांत संपते. खाली अडवलेले पाणी वर चढवण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही, आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय डोळ्यांसमोर असूनही त्याच्या काठावरील उंच वस्त्या तहानलेल्या राहतात.

कोयनेच्या पाण्याचा प्रवास या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. कोयना धरणाच्या जलाशयाची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट म्हणजे प्रचलित भाषेत १०५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्यांपैकी ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास कृष्णा पाणीवाटप लवादाने मुभा दिली, आणि हे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला उतरून वाशिष्ठी नदीवाटे पुन्हा अरबी समुद्राला मिळते. समुद्रातून बाष्परूपाने आलेले पाणी वीज देऊन समुद्रात परत जाते, आणि ज्या माथ्यावर ते पडले त्याच्या पूर्वेला माणदेश कोरडा राहतो. या विजेने महाराष्ट्राचे उद्योग उभे राहिले, हे खरे आहे. तरीही पाण्याच्या न्याय्य वाटपाची चर्चा जेव्हा होते तेव्हा हा आकडा विसरता येत नाही.

पूर्वेकडील लोकांनी अवर्षणाशी जुळवून घेण्याचे मार्ग पूर्वापार शोधले आहेत. माण-फलटणकडील धनगर मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात कोकणाच्या दिशेने उतरतात आणि मृगाच्या आधी परत फिरतात, म्हणजे कोकणातील अतिपाऊस आणि गावाकडील उन्हाळा या दोन्हींना टाळून त्यांचे वर्ष रचलेले असते. ब्रिटिश काळात बांधलेले म्हसवडजवळचे राजेवाडीचे आणि खटावमधील नेरचे तलाव दुष्काळी भागातील जुन्या प्रयत्नांची साक्ष देतात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर नालाबांध आणि पाझर तलाव खोदले गेले. २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदानातून सलग समपातळी चर आणि बंधारे बांधून वॉटर कप स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी पहिला क्रमांक मिळवला. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचे पाणीही आता खटाव-माणकडे पोहोचू लागले आहे. या पाण्याचे स्वागत करताना एक भीती बोलून दाखवणे आवश्यक आहे: ५०० मिलिमीटरच्या प्रदेशात उचलून आणलेले महागडे पाणी उसाला लागले तर ते थोड्यांच्या शेतात संपेल आणि बाजरी-शाळूवर जगणाऱ्या वाड्या पुन्हा टँकरकडे पाहत राहतील.

२०१९ हे वर्ष या जिल्ह्याचे हवामान समजून घेण्यासाठी पुरेसे आहे. त्या उन्हाळ्यात माण-खटावमध्ये जनावरांच्या चारा छावण्या चालू होत्या, आणि ऑगस्टमध्ये कोयना व कृष्णेच्या पुराने कराड-पाटणच्या नदीकाठाला वेढले. दोन्ही आपत्ती एकाच जिल्ह्याच्या, एकाच वर्षाच्या आणि काही आठवड्यांच्या अंतरावरच्या होत्या. म्हणून ‘जिल्ह्याने पावसाची सरासरी ओलांडली’ अशी बातमी वाचताना वाचकाने त्याखालचा मंडलनिहाय तक्ताही पाहावा, आणि त्यात दहिवडी व म्हसवडच्या ओळींत सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर पाऊस आहे ते शोधावे. माणमधील शाळू आणि जनावरांचा कडबा त्या दोन ओळींवर ठरतो.